आवडाबाईंचं शून्य दुखणं

मुकुंदवाडीत टँकर आला की आवडाबाई गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून सगळ्यांचे नंबर लावायच्या. कुणी मधे घुसलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार! सगळ्यात शेवटी बासष्टीची ही बाई स्वतःचे दोन हंडे उचलणार. आजूबाजूला नव्या बिल्डिंगा उठल्या, बोअर आटले, आवडाबाईंचे गुडघे झिजले, पण कण्हणं नाही. तिन्हीसांजंला कण्हलं की घरातली बरकत जाते, असं आईनं बजावलेलं. आवडाबाईंनी ते दिवसभराला लावून घेतलं.

लातूरला रेल्वेनं पाणी गेलं त्या उन्हाळ्यात उजवा गुडघा पार बसला. वाळूजला कंपनीत असलेला मुलगा, बन्सी, त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. सांधा बदलायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, "त्याआधी चार वेळा आमच्या समुपदेशक सावनी मॅडमकडं बसायचं. मनाची तयारी असली तर दुखणं मागं रेंगाळायचा धोका कमी होऊ शकतो."

"म्हंजी मी येडी हाय का?" आवडाबाई तडकल्या. "दुखतंय गुडघ्यात, डोक्यात नाय!"

खरं तर त्या घाबरल्या होत्या. थोरल्या बहिणीचं, पारूबाईचं, आठ वर्षांपूर्वी असंच ऑपरेशन झालेलं. टाके सुकले, दुखणं गेलं नाही. बजाजनगरला लेकाच्या घरी ती खाट धरून होती. आपलंही तसंच होणार, हे आवडाबाईंनी मनात पक्कं करून टाकलं होतं.

सावनी अंगानं किरकोळ, पण भारी चिवट. तिनं विचारलं, "मावशी, शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. आता किती दुखतंय?"

"शून्य."

दुसऱ्या खेपेलाही शून्य. तिसऱ्या खेपेला दोन जिने चढून आल्या, तरी शून्यच! सावनी हसली. "मग पदर दातांत कशाला धरलाय, मावशी?"

आवडाबाईंनी पदर सोडला. म्हणाल्या, "आठ. लिव्ह आठ." आणि एकदम रडायलाच लागल्या. "पारूताई अशीच रडायची. मी तिला म्हणलं, टाकं सुकलं, आता नाटकं बास कर. तवापासून ती बोलत नाय माझ्याशी. आता देव मला त्येच भोगायला लावणार."

सावनीनं त्यांना पोटभर रडू दिलं. "देवाचं मला कळत नाही, मावशी. पण दुखणं म्हणजे शिक्षा नव्हे. टाके सुकले तरी नसा कधी कधी दुखत राहतात. ते नाटक नसतं. भीतीनं अंग आवळलं की मात्र ते वाढतं." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "बहात्तरच्या दुष्काळात पाणी कुठून आणायचात?"

"अर्ध्या कोसावरून."

"डोक्यावर हंडा, घर एवढं लांब. कसं जमायचं?"

"घराकडं बघायचंच नाय. बाभळीपतुर बघायचं. मंग वढ्यापतुर. आन् अंग ढिलं सोडून, दम घेत चालायचं."

"ऑपरेशननंतर हेच करायचं. पहिल्यांदा खाटेपासून खुर्ची, बस. आणि आकडा खरा सांगायचा."

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी नर्सनं विचारल्यावर आवडाबाई "नऊ!" असं काही ओरडल्या की शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठली. गोळी मिळाली. मग खाटेपासून खुर्ची, खुर्चीपासून दार. घरी आल्यावर दारापासून गल्लीचं तोंड. भीती वाटायचीच, पण त्या दम घेत पुढच्या टप्प्याकडं बघायच्या. चार महिन्यांनी आकडा दोनावर आला.

त्या रविवारी त्या बन्सीला म्हणाल्या, "बजाजनगरला चल."

पारूबाईचं घर दुसऱ्या मजल्यावर. प्रत्येक वळणावर थांबत आवडाबाई वर गेल्या. त्यांना पाहताच पारूबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. आवडाबाई खाटेच्या कडेला बसल्या.

"पारूताई, किती दुखतंय गं?"

आवडाबाई तिच्याकडं वाकल्या.

"दहातलं सांग. तू सांगशील त्ये मी खरं मानीन. तवा माझं चुकलं."

पारूबाईचा हात चाचपडत मागं आला आणि त्यानं बहिणीचं मनगट धरलं.

"नऊ," ती म्हणाली. "आठ वर्सं झाली, आवडे. कुणी इचारलंच नाय."