आईच्या खोलीतला उजेड

माझं काम मोजमापाचं. आयर्लंडमध्ये ड्रोहेडाजवळच्या एका मेडिकल डिव्हाइस प्लांटमध्ये मी कॅलिब्रेशन बघतो, म्हणजे मोजणारी यंत्रं बरोबर मोजतायत की नाही ते तपासतो. या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी लंच ब्रेकमध्ये वाचायचो आणि खाली हमखास कॉमेंट टाकायचो - "वायरिंग चेक केलं का?" काही जणांना ते लागलंही असेल. आज लिहायची पाळी माझ्यावर आली आहे. खोट काढा. मी खरंच वाट बघतोय.

दीड वर्षापूर्वी आम्ही इथे एक जुनं सेमी-डी घर, म्हणजे एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेलं, घेतलं. मी, बायको मानसी आणि आमची इरा, तेव्हा नऊ वर्षांची. प्रत्येक खोलीत मधोमध वायरला लोंबणारा एकच बल्ब. ते सगळं काढून एलईडी सीलिंग लाइट्स बसवायचे ठरले आणि मी त्यात गुंतलो तो गुंतलोच. किती वॉट, किती लुमेन्स, वॉर्म घ्यायचा की कूल... एक्सेल शीट केली होती मी! खाली किचनमध्ये स्पॉट्स, वर बेडरूम्समध्ये छताला चिकटून बसणारे चौकोनी पॅनेल्स. बसवायला डेक्लन नावाचा साठीचा इलेक्ट्रिशियन आला होता. माझी निवड बघून म्हणाला, "बेडरूममध्ये एवढा पांढरा लाइट? ऑपरेशन करणार आहेस का कुणाचं?"

ऑक्टोबरमध्ये कराडहून आई आली, तीन महिन्यांसाठी. तिला मागच्या बाजूची खोली दिली. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "उजेड कमी हाय रं हितं."

मी म्हटलं, आई, इकडे हिवाळ्यात चारलाच अंधारून येतं, सवय होईल. आठवड्याने परत तेच. मग मी अठरा वॉटचं पॅनेल काढून चोवीसचं लावलं. तरी तेच. शेवटी छत्तीसचं आणलं. डेक्लन दुसऱ्यांदा शिडीवर चढला तेव्हा हसत होता. त्या खोलीत आता डोळे दिपायचे, आणि आई पलंगावर बसून म्हणाली, "हाय तसंच हाय की."

माझं डोकं फिरलं. सोमवारी प्लांटमधून लक्स मीटर घेऊन आलो - प्रकाश मोजायचं यंत्र. तिच्या पलंगावर ठेवलं आणि आकडा वाचून दाखवला. "चारशे साठ! आमच्या ऑफिसात नाही एवढा उजेड. आता बोल."

ती यंत्राकडे बघत होती... म्हणजे मला वाटलं की बघतेय. मग हळू म्हणाली, "यंत्राला दिसत आसंल बाबा."

दिवाळीला आमच्याकडे चार-पाच मराठी कुटुंबं जेवायला होती. मी हा किस्सा रंगवून सांगितला. तीन पॅनेल्स, मीटर, आकडा, सगळं. वर म्हटलं, "आईला तक्रार केल्याशिवाय अन्न पचत नाही." लोक हसले. आईही हसली. त्यानंतर तिने उजेडाचं नाव काढलं नाही. मी विचारलं तर म्हणायची, "झ्याक हाय."

ती भिंतीला हात लावून चालायला लागली होती. मला वाटलं, गुडघे. एकदा चहाचा कप प्रेसमध्ये, म्हणजे किचनच्या कपाटात, ठेवायला गेली आणि दाराच्या कडेवर आपटून फोडला. मी ओरडलो, "लक्ष कुठे असतं तुझं?" इराने काचा उचलल्या. आजी नुसती उभी होती, हात पुढे धरून.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. मोजमापवाल्या माणसाच्या.

जानेवारीत ती परत गेली आणि पंधरा दिवसांत माझ्या मोठ्या भावाचा, सुनीलदादाचा फोन आला. काचबिंदू. दोन्ही डोळे. एक पूर्ण गेलेला, दुसऱ्यात थोडीशी सावली कळते. डॉक्टरांनी विचारलं होतं, अंधूक दिसतंय असं आजी कधीच बोलल्या नाहीत का? तीन-चार महिने आधी आल्या असत्या तर निदान एक डोळा वाचवला असता.

"बोलली होती का रे ती तुला?" दादाने विचारलं.

मी म्हटलं... हो.

त्याने फोन ठेवला.

आता मूळ गोष्ट. फेब्रुवारीतला शेवटचा रविवार, सकाळचे अकरा. बाहेर ढगाळ होतं, म्हणून आईच्या खोलीत लाइट लावून मी तिथलं कपाट आवरत होतो. एकदम उजेड उतरायला लागला. लाइट गेला असं नाही. कडांकडून अंधार आत सरकत आला. आधी खिडकी गेली, मग कपाट. शेवटी समोर एक लहानसं गोल भोक राहिलं आणि त्यात माझा हात. वर बघितलं तर पॅनेल म्हणजे नुसता राखाडी डाग. वाटलं, पॅनेलला वीज पुरवणारा ड्रायव्हर गेला. मग वाटलं, मीच गेलो.

चाचपडत दार गाठलं. बाहेर पॅसेजमध्ये पाऊल टाकलं आणि सगळं लख्ख! कार्पेटवरचा डाग, इराचे मोजे, सगळं स्पष्ट. परत आत गेलो. परत तो काळोख. तीनदा आत-बाहेर केलं. तीनदा तेच.

मी इराला हाक मारली, तेव्हापासून ड्रॉवरमध्येच राहिलेला मीटर आणायला सांगितला आणि म्हटलं, आकडा वाच.

"फोर सिक्स्टी, बाबा."

"लाइट चालू आहे?"

"येस? इट्स सुपर ब्राइट इन हिअर." मग तिचा आवाज बदलला. "बाबा, व्हाय आर यू लुकिंग ओव्हर देअर? आय'म हिअर."

मानसी धावत वर आली. तिलाही खोली नेहमीसारखीच दिसत होती. तिने मला पलंगावर बसवलं. जवळजवळ पंधरा मिनिटं मी तिथे तिचा हात धरून बसलो. मग खिडकी परत आली, हळूहळू, जशी गेली होती तशीच.

आम्ही अजून तिथेच बसलो होतो, तेवढ्यात दादाचा फोन. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तो रडत होता की हसत होता, कळेना. "अरे, आईला दिसलं! आत्ता चहाच्या वेळी. तुझ्या वहिनीला म्हणाली, 'वनिता, किती गं पांढरी झाली केसं तुझी!' कॅलेंडरवरची तारीख वाचली. माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण दाखवलं."

"आणि आता?"

"आता नाही. गेलं परत. पंधरा-वीस मिनिटं होतं बघ."

तिला दिसलं तेव्हा तिकडे साडेचार वाजले होते. इकडचे अकरा.

दादाने आईला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, अशी गेलेली नजर परत येत नाही, आजींना भास झाला असेल. मग बटणाचं काय? ते त्यांनी विचारातच घेतलं नाही. माझी इथे सगळी तपासणी झाली. डोळे, बीपी, एमआरआय. सगळं नॉर्मल. डेक्लनने पॅनेल उतरवून वायरिंग बघितलं. "ग्रँड आहे सगळं," म्हणाला. म्हणजे वायरिंगचा तो माझा नेहमीचा प्रश्नही निकालात निघाला.

तेव्हापासून दर रविवारी अकराला मी त्या खोलीत जाऊन बसतो. मानसीला ते आवडत नाही. माझ्या मनात एकच असतं - आईसाठी माझी नजर घ्या. पंधरा मिनिटं घ्या, नाहीतर कायमचं घ्या. काही होत नाही. खोली लख्ख राहते.

मागच्या महिन्यात धीर करून मी आईला फोनवर सगळं सांगितलं. त्या दिवशीचं, आणि रविवारचंही. मला वाटलं रागावेल. मला ते हवं होतं.

"येकटाच हुतास का रं तवा?" तिने विचारलं.

"नाही. मानसी होती. हात धरला होता तिने."

"मग बरं झालं," ती म्हणाली.

तिचा हात तीन महिन्यांत मी एकदाही धरला नव्हता. ती हे बोलली नाही. बोलणारही नाही. त्या पंधरा मिनिटांत काय झालं हे कुणाला सांगता येत असेल तर लिहा.