पाण्याविना चालणारी गाडी

आमच्या भैंसा गावात फ्रान्सची गाडी आली तेव्हा लोक पोट धरून हसले. गोल पाठीची, पत्र्याची, वर ताडपत्रीचं छप्पर. मंचेरियलच्या खाणीवर आलेला फ्रेंच इंजिनियर मायदेशी परतताना ती विकून गेला आणि माझ्या बाबांनी, म्हणजे साध्या किराणा दुकानदाराने, ती घेतली. तिच्या नावाचा अर्थ ‘दोन घोडे’ असल्याचं कळल्यावर शेजारी रोज विचारत, घोड्यांना चारा टाकला का.

गाडी पोचवायला आलेल्या ड्रायव्हरने बॉनेट उघडून हिंदीत सगळं समजावलं. तिकडच्या शेतकऱ्यांसाठी काढलेली ही स्वस्तातली गाडी. नांगरलेल्या रानातून अंड्यांची टोपली नेली तरी अंडं फुटू नये, अशी म्हणे बनवतानाच अट होती. इंजिन वाऱ्यावर थंड होतं, त्याला पाणी लागत नाही. हे कान देऊन ऐकलं ते फक्त माझ्या ताईने, कारण गाडी तिच्यासाठी होती. निर्मलच्या कॉलेजात जायचं तर घरच्या गाडीतून, बसमध्ये पोरगी पाठवणार नाही, असा बाबांचा हुकूम होता. चालवायला काका. ते आमचा ट्रॅक्टर चालवत.

वर्षभर गाडी डुलत डुलत ताईला नेत-आणत राहिली. मग परीक्षा आली आणि एप्रिलचं ऊन आलं. उन्हाळ्यात इंजिनाला पाणी पाजल्याशिवाय काका ट्रॅक्टर जागचा हलवत नसत. ताई दही-साखर खायला आत गेली, तेवढ्यात त्यांनी सापडलं ते झाकण उघडून अख्खी कळशी रिकामी केली. ते तेलाचं झाकण होतं.

ताई बाहेर आली आणि रिकामी कळशी बघून म्हणाली, “काका, तिले पाणी नाही लागत. सुरू नका करू.”

“पाण्याबिगर इंजन कोठं चालते का वं? मले शिकवून राह्यली.”

बाबांनी तिलाच दटावून गाडीत बसवलं. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं. अर्ध्या वाटेत इंजिन जाम झालं. पेपर बुडाला.

हैदराबादपर्यंत कुणाकडे त्या गाडीचा साधा स्क्रू नव्हता. गाडी नाही तर कॉलेज नाही, बाबा म्हणाले, आणि त्यांचा शब्द म्हणजे शब्द. पुढे कधीतरी पेपरात वाचलं की तिकडेही ती गाडी बनवणं बंद झालं. तोवर ताईचं नेरडीगोंडा गावात लग्न लागलं होतं. गाडी परसात पडून राहिली. शेजारच्या कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालत. त्यातलं एकही फुटलं नाही.

काही वर्षांनी भंगारवाला ती ओढून नेत होता, तेव्हा ताई दिवाळीला आली होती. काका ओट्यावर बसून बघत होते. ते ताईला म्हणाले, “त्या दिवशी पाणी कमी पडलं वं. अजून एक कळशी टाकाले पायजे होती.”

“हो काका,” ताई म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.