नऊ नंबरच्या खोलीतली कंपनी

आमच्या शाळेत नऊ नंबरची खोली व्हरांड्याच्या अगदी टोकाला आहे. तिच्यापुढे फक्त माझी सुतारकामाची खोली, आणि माझ्यापुढे कुंपण. ज्या विषयांवाचून आपलं काही अडत नाही असं शाळेला वाटतं, ते तिने एका रांगेत नेऊन बसवलेत. नऊ नंबरमध्ये 'व्यवसाय आणि माहिती तंत्रज्ञान' हा ऐच्छिक विषय शिकवणाऱ्या बाई मला पंधरा वर्षांनी सीनियर. माझा रंधा जोरात चालायला लागला की त्या मधल्या भिंतीवर डस्टर आपटतात. त्यांचा वर्ग एकदम टाइप करायला लागला की मी हातोडीने भिंत ठोकतो. आमचा शेजारधर्म इतकाच.

मुलं त्यांना असडफ बाई म्हणतात. कीबोर्डच्या मधल्या ओळीत डाव्या हाताची चार बोटं ज्या चार अक्षरांवर ठेवायची, ती एका दमात वाचली की 'असडफ' होतं. बाईंना हे नाव ठाऊक आहे. "निदान पहिला धडा तरी लक्षात राहिला म्हणायचा," एवढंच त्या म्हणतात. मला मुलं रंधा सर म्हणतात. ते मला आवडत नाही, पण मला विचारतं कोण?

बाई एकोणिसाव्या वर्षी एका मालवाहतूक कंपनीत टायपिस्ट म्हणून लागल्या आणि तिथून शाळेत टायपिंग शिकवायला आल्या. पुढे एका सुट्टीत शाळेने टाइपरायटर काढून टाकले आणि पस्तीस संगणक आणून ठेवले. तेव्हा बाईंनी चाळिशी ओलांडली होती. "आता बाई गेल्या," असं शिक्षकांच्या खोलीत सगळे म्हणाले. खोटं कशाला बोलू, मीही नुकताच लागलो असूनसुद्धा म्हणालो. बाईंनी संगणकाचं जाडजूड पुस्तक घरी नेलं आणि सुट्टीभर जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवलं. त्यांचे यजमान सांगतात, "महिनाभर मी ताट मांडीवर घेऊन जेवलो." शाळा उघडली तेव्हा बाई मुलांपेक्षा बरोबर एक धडा पुढे होत्या. दोन नाही, एकच. पण वर्गात एका धड्याची आघाडी पुरते.

टाइपरायटरची सवय मात्र बोटांतून गेली नाही. त्या बटण दाबत नाहीत, ठोकतात. त्यांच्या कीबोर्डवरची अक्षरं कधीच पुसली गेली. मुलांच्या कीबोर्डांवर ती अजून दिसतात, म्हणून बाईंनी जुन्या पडद्यांचे अभ्रे शिवलेत. कीबोर्ड आणि दोन्ही हात अभ्र्याच्या आत, बाहेर फक्त मनगटं. कुणी अभ्रा उचलून आत डोकावलं की बाई मागून म्हणतात, "काय शोधतेस गं तिथे? बोटं तुझीच आहेत, कुठे जात नाहीत."

वर्षाच्या पहिल्या दिवशी त्यांचा वर्ग एक कंपनी काढायचा. कुणी व्यवस्थापक, कुणी खरेदीवाला, कुणी तक्रार विभाग. डावी रांग कंपनी, उजवी रांग गिऱ्हाईक. वर्षभर दोन्ही रांगांमध्ये पत्रव्यवहार चाले. उजवी रांग लिही, 'आपण पाठवलेल्या कपाटाचं दार लागत नाही.' डावी रांग अत्यंत नम्रपणे दिलगिरी व्यक्त करी. कपाट नव्हतं, दार तर नव्हतंच. पण पत्रात तारीख राहिली किंवा विषय लिहिला नाही, तर बाईंचा लाल पेन खऱ्या कपाटाला खऱ्या किड्याने पोखरावं तसा पत्रावर चाले. मी येता-जाता विचारायचो, "काय बाई, आज किती हवा विकली?"

"तुमच्या कोपऱ्यातल्या स्टुलांपेक्षा जास्तच," त्या म्हणायच्या.

हे मला झोंबायचं, कारण खरं होतं. माझ्या वर्गात प्रत्येक मूल एक स्टूल करतं. वर्षाअखेर आईबाप येतात, स्टुलावर हात फिरवतात, "वा वा" म्हणतात आणि स्टूल तिथेच ठेवून मूल घेऊन जातात. कोपऱ्यातला ढीग खिडकीपर्यंत पोहोचला होता.

यंदा मुख्याध्यापकांनी सूचना लावली की, पंचवीस विद्यार्थी नसतील तो ऐच्छिक विषय बंद. तसा नियम जुनाच होता, पण आजवर तो कुणी कपाटातून काढला नव्हता. बाईंच्या वर्गात गेल्या वर्षी जेमतेम सव्वीस आले होते, आणि यंदा नववीतून किती येतील याचा भरवसा नव्हता. बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. विषय बंद झाला तर ती दोन वर्षं त्यांनी भांडारात बसून खडू आणि झाडू वाटायचे, असं ठरलं होतं.

"मास्तर, मला भीती वाटते हो," त्या दिवशी बाई सरळ म्हणाल्या. "खडूचं मला काही नाही. पण पलीकडून टाइप केल्याचा आवाज येणार नाही आणि मी तो ऐकत बसेन."

त्या दुपारी मी रंधा जरा हळूच चालवला.

विषय निवडायला आधी चिठ्ठ्या असत. यंदा मुख्याध्यापक साहेब बाईंना म्हणाले, संगणकावर फॉर्म करा, तुमच्याकडे तर अख्खा वर्ग आहे. बाईंच्या दहावीच्या मुलींनी फॉर्म केला. नाव लिहायचं, खाली चौकटीत सहा विषयांपैकी एक निवडायचा, 'पाठवा' दाबायचं. नववीच्या एकशे साठ मुलांनी एका दुपारी फॉर्म भरले. दुसऱ्या दिवशी यादी लागली. व्यवसाय आणि माहिती तंत्रज्ञान, एकशे चार. सुतारकाम, सहा.

माझं डोकं सणकलं. मी तडक नऊ नंबरमध्ये शिरलो. हातात पटाशी होती, हे मला मागाहून कळलं. खोलीत बाई एकट्याच संगणकासमोर बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

"पटाशी खाली ठेवा आणि बसा," त्या म्हणाल्या. "चूक झालीय. माझी आहे."

त्यांनी फॉर्म उघडून दाखवला. चौकट रिकामी नव्हती. फॉर्म उघडल्याबरोबर तिच्यात बाईंचाच विषय बसलेला होता, आयत्या बिळावर नागोबासारखा. ज्याने चौकटीला हात लावला नाही आणि घाईघाईत 'पाठवा' दाबलं, तो गेला बाईंच्या वर्गात.

"तपासलं नव्हतंत का?"

"वीस वेळा तपासलं. बरोबर चालत होतं," बाई म्हणाल्या. "पण मास्तर, वीसही वेळा मी माझाच विषय निवडला. मग कळणार कसं?"

मी भांडायला गेलो होतो, पण मला हसू फुटलं. काय करणार? एकतीस वर्षं एकाच विषयाशी संसार केलेली बाई. तिला सहा विषयांची यादी दिली तर ती आणखी काय निवडणार!

"मग आता?" मी विचारलं.

"आता साहेबांना सांगायचं."

"तुमचा विषय वाचला होता, बाई." हे मी म्हणालो. माझा विषय त्यात बुडत होता तरी म्हणालो, हे नोंदवून ठेवा.

"एकशे चारातली ऐंशी मुलं तोंड पाडून बसतील. त्यांना मी काय शिकवू? फॉर्म नीट वाचा म्हणून?"

मुख्याध्यापकांनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. यादी लागलीय. राहू द्या ना."

"मूठ माझी आहे, साहेब. आणि मला ती उघडायचीय," बाई म्हणाल्या.

साहेबांनी तीन दिवस दिले.

या खेपेला बाईंनी फॉर्म केलाच नाही. मधल्या सुट्टीत त्यांच्या मुलींनी व्हरांड्यात चार टेबलं मांडली, चार संगणक आणून ठेवले, आणि नववीतल्या एकेकाला समोर बसवून विचारायला सुरुवात केली. तुला खरंच काय शिकायचंय? आणि का? मी दारात उभा राहून बघत होतो. मुलींचे हात खाली चालत होते आणि डोळे समोरच्याच्या चेहऱ्याकडे होते. एकीनेही मान खाली घातली नाही. समोरचा अडखळला तर त्या थांबत, हसत, पुन्हा विचारत. असं कुणी आपल्याकडे बघून ऐकायला लागलं की माणूस भडाभडा बोलतो. एरवी हूं की चूं न करणारी मुलं घंटा झाली तरी उठेनात. ते पडद्याचे अभ्रे कशासाठी होते, हे मला सोळा वर्षांनी त्या व्हरांड्यात समजलं. मला वाटायचं बाईंना शिवणकामाची हौस आहे.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई यादी घेऊन माझ्या खोलीत आल्या आणि समोर दिसलं त्या स्टुलावर बसल्या.

"माझे एकोणीस," त्या म्हणाल्या. "तुमचे चौदा."

म्हणजे दोघांचीही दुकानं बंद. मी लाकडाचा भुसा झाडत राहिलो. तो आधीच झाडून झाला होता.

"आता 'का'च्या रकान्यात काय आहे ते ऐका," बाई म्हणाल्या आणि चष्मा लावून वाचायला लागल्या. "ही एक मुलगी. 'सुतारकाम आवडेल, पण स्टूल करून करायचं काय? ते कुणीच नेत नाही.'"

"कोण ती? नाव सांगा."

"थांबा, माझ्याबद्दलही आहे. 'कंपनी काढायला मजा येते असं ताई म्हणते, पण ती खोटी खोटी आहे.' हे अकरा जणांनी लिहिलंय, मास्तर. अकरा!"

आम्ही दोघांनी मिळून हल्लीच्या मुलांना यथेच्छ नावं ठेवली. मग बाईंनी बसल्या बसल्या स्टुलाच्या खालून हात फिरवला, उठून ते उलटं केलं, पाय हलवून पाहिले.

"हे करायला किती दिवस लागतात?"

"मुलांना तीन आठवडे."

"आणि कुणी मागणी केली तर?"

"कुठून येणार मागणी?"

"ते तुम्ही माझ्यावर सोडा," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्याकडे दुकान होतं आणि माल नव्हता. माझ्याकडे खिडकीपर्यंत माल होता आणि दुकान नव्हतं. मध्ये एक भिंत होती, आणि ती आम्ही सोळा वर्षं दोन्ही बाजूंनी नुसती बडवत होतो.

साहेबांना हे पचायला वेळ लागला. "एक विषय आणि दोन शिक्षक? नियमात बसेल का?"

"नियम पाच, ओळ तिसरी," बाई म्हणाल्या. "'वर्गात किमान पंचवीस विद्यार्थी असावेत.' आमचे एकोणीस आणि चौदा, तेहतीस होतात. शिक्षक किती असावेत ते त्यात लिहिलेलं नाही."

"तुम्हाला पाठ आहे?"

"मीच टाइप केलंय, साहेब. तीन प्रतींत."

साहेबांनी कपाट उघडून पाहिलं, तर खरंच नव्हतं लिहिलेलं. एक वर्ष करून बघा, म्हणाले. मला वाटतं त्यांनाही हसू येत होतं, पण पदाला शोभेना म्हणून त्यांनी खोकून घेतलं.

अशी आमची कंपनी सुरू झाली. अर्धे दिवस तेहतीसजण माझ्याकडे रंधा मारतात, अर्धे दिवस बाईंकडे अभ्र्यात हात घालून बसतात. पहिल्याच आठवड्यात मुलांनी वाचनालय, केस कापायचं दुकान, दवाखाना, बस थांब्यासमोरची खानावळ अशा चाळीस ठिकाणी पत्रं पाठवली. मग तीन आठवडे काहीच नाही. बाई रोज सकाळी फाटकाजवळची पत्रपेटी उघडून बघायच्या आणि मला सांगायच्या, "मी सहज तिकडून येत होते." फाटक त्यांच्या वाटेवर नाही.

चौथ्या आठवड्यात पत्र आलं. खानावळीच्या मालकीणबाईंनी वहीचं पान फाडून पेन्सिलीने लिहिलं होतं. 'आठ स्टुलं हवीत. डुगडुगणारं एकही चालणार नाही, आमच्याकडे माणसं गरम ताट हातात घेऊन बसतात. कधी देता ते कळवा.'

बाईंनी पत्र टेबलावर ठेवलं, सवयीने लाल पेन काढला, वरच्या कोपऱ्यात तारीख नव्हती तिथे गोल केला, 'विषय?' असं लिहिलं, आणि समाप्तीचा नमस्कार शोधत खाली आल्या. मग त्यांचा हात थांबला. वर्ग बघत होता. मीही बघत होतो.

"मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "हे खरं पत्र आहे."

त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. एकतीस वर्षांत हजारो मागण्या त्यांनी तपासल्या होत्या आणि त्यांतली एकही खरी नव्हती. त्यांनी पेनाला टोपण लावलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, किती मार्क?"

"याला मार्क नाही द्यायचे," बाई म्हणाल्या. "याला उत्तर द्यायचंय. चला, हात आत घाला."

तेहतीसजणांनी एकदम ठोकायला सुरुवात केली. ढिगातलं प्रत्येक स्टूल थोडंतरी डुगडुगतंच, म्हणून मी पलीकडे जाऊन नव्या आठ स्टुलांचं लाकूड निवडायला घेतलं. भिंतीतून आवाज येत होता, पण हातोडी मी पायांच्या खुंट्यांसाठीच उचलली.