मेव्हण्याला कमिशन विचारलं

मित्रांनो, आज दुपारी आमच्या घरी वाढलेली ताटं तशीच राहिली.

मी खासगी नोकरीत आहे, पेन्शन नाही. पन्नाशी जवळ आली, म्हणून आजवर साठवलेलं सगळं एका पेन्शन योजनेत घालायचं ठरवलं होतं. बायकोचा भाऊ प्रकाश राजारामपुरीत एजंट आहे. तो फॉर्म घेऊन जेवायलाच आला. सहीला पेन उचलला आणि मी विचारलं, "यातनं दरवर्षी किती कापतात रे?"

"किरकोळ हो दाजी. घरचा माणूस हाय की मी."

"आणि तुला किती मिळतं?"

त्याचा चेहराच बदलला. "मेव्हण्याला कमिशन विचारताय व्हय? मला कंपनी देते, तुमच्या खिशातनं न्हाय."

"मग कंपनीला कोण देतं?" माझा आवाज चढला.

तो तसाच उठून गेला. मग मी कागद नीट वाचले. फायदा होवो वा तोटा, साठलेल्या सगळ्या रकमेतून दरवर्षी खर्च कापला जाणार होता. मी सही केली नाही.

बायको एवढंच म्हणाली, "विचारलंसा ते बरं केलंसा. पण त्याला जेवू तरी द्यायचं की."

संध्याकाळी देवापुढे बसलो. चढलेल्या आवाजाबद्दल क्षमा मागितली, प्रश्नाबद्दल मागावीशी वाटली नाही. उद्या प्रकाशकडे जाऊन तोच प्रश्न शांतपणे विचारणार आहे.

रिक्षात बसताना आपण भाडं आधी विचारतो. आपल्याच माणसाला हे विचारताना तुमची जीभ अडखळते का?