डॉट कॉमचं गिऱ्हाईक

आमचे हे नावं विकतात. विकतात म्हणजे विकायला मांडून बसलेत. एकही विकलं गेलेलं मी तरी बघितलं नाही. लग्न जमवताना मध्यस्थ म्हणाला होता, मुलाचं नांदेडला दुकान आहे, ऑनलाईन फॉर्म, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, शिवाय इंटरनेटचा बिझनेस. त्या 'शिवाय'मध्ये काय दडलंय ते कुणी विचारलं नाही. मी लातूरला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होते, नोकरी कायम झालेली, आणि सगळ्यांचं लक्ष त्या 'कायम'कडंच होतं.

लग्नानंतर ह्यांनी मला दुकानात बसवून सगळं समजावलं. वेबसाईटचा जो पत्ता असतो, डॉट कॉम वगैरे, तो आधी बुक करील त्याचा. दरसाल फी भरायची, तोवर मालकी आपली. फी चुकली की नाव मोकळं सुटतं आणि दुसरा कुणीतरी टपलेलाच असतो. लांबलचक नावं पाहिजे तितकी मिळतात, त्यांना कुत्रं विचारत नाही. तीन अक्षरांची, चार अक्षरांची मात्र कधीच संपली. ती आता मालकाकडूनच घ्यावी लागतात, आणि मालक सांगेल तो भाव. त्यातही नुसती अक्षरं एकापुढं एक असली तर भाव कमी, तोंडात नीट बसणारं, ऐकल्याबरोबर लिहिता येणारं असलं तर चढा. तसलं एक चार अक्षरांचं डॉट कॉम ह्यांच्याकडं होतं. मोटारसायकल विकून एका परदेशी माणसाकडून घेतलेलं. ते नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर म्हणतील, हिनंच भाव पाडला.

पहिल्याच वर्षी ठरलं होतं. हे नाव विकलं की नांदेडचं दुकान बंद. लातूरला डिपॉझिट भरून गाळा, दोन खोल्यांचा फ्लॅट, दोघं एका घरात, आणि मग लेकरू. ही मांडणी ह्यांचीच. लातूरला भाडी काय म्हणता! ट्यूशनच्या पोरापोरींनी गल्ल्या भरलेल्या, मोक्याच्या गाळ्याचं डिपॉझिट ऐकून डोळे पांढरे व्हावेत. मी म्हणायचे, माझ्या पगारात दोघांचं भागतंय, या तुम्ही. पण बायकोच्या पगारावर जाऊन बसला असं औशात लोक बोलतील, ही ह्यांना भीती. औसा ह्यांचं गाव. तिथं कुणाला इतका रिकामा वेळ होता, देव जाणे. म्हणून मी लातूरला, हे नांदेडला, आणि शनिवारी दुपारी अहमदपूरवरून जाणारी एसटी. एका शनिवारी मी जायचे, एका शनिवारी हे यायचे. सणासुदीला उभ्यानं प्रवास. माझी आई फोनवर दर महिन्याला एकच प्रश्न विचारायची आणि मी दर महिन्याला म्हणायचे, आधी एका घरात तर राहू दे.

नांदेडला ह्यांच्याजवळ माझे सासरे राहायचे. मी त्यांना मामा म्हणायचे. जन्मभर बैलांचा व्यापार केलेला माणूस, बाजारचा दिवस नसला तरी खांद्यावर रुमाल. बैलाचा सौदा रुमालाखाली होतो. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा, भोवती उभ्या असणाऱ्यांना काही कळू द्यायचं नाही. त्याचे कायदे मामांना तोंडपाठ. पहिल्या बोलीला उत्तर द्यायचं नाही, आभाळाकडं बघायचं. दुसरीला हसायचं आणि तिप्पट सांगायचं. मग गिऱ्हाईक वर चढलं की रुमाल झटकून, बैल सोडून चालायला लागायचं. खरं गिऱ्हाईक असेल तर मागून हाक मारतंच. ह्या हाकेवर मामांनी लेकींची लग्नं केली, घर बांधलं, ह्यांना कॉम्प्युटर शिकवला. हे लहानपणी सुट्टीत त्यांच्यासोबत बाजार फिरलेले, त्यामुळं ते सगळं ह्यांच्याही अंगात मुरलेलं.

आणि एका दिवाळीच्या सुट्टीत, मी नांदेडला असताना, गिऱ्हाईक आलं.

सकाळी मी दुकानात चहा घेऊन गेले तर हे खुर्चीत ताठ बसलेले. स्क्रीनवर मेल. परदेशातल्या कुण्या दलालानं लिहिलं होतं की माझ्या पक्षकाराला तुमचं नाव पाहिजे आणि ते इतके डॉलर द्यायला तयार आहेत. ह्यांनी दोनदा गुणाकार केला, मी मोबाईलवर तिसऱ्यांदा केला. साडेसात लाखांच्या आतबाहेर. खरं सांगते, झेरॉक्सच्या मशीनमागं जाऊन मी रडले. माझी अडतिशी चालू होती. लातूरच्या डॉक्टरीण बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की करायचं असेल तर आता करा, पुढं अवघड आहे. मी डोळे पुसून आले आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता हो लिहा.

ह्यांची बोटं की-बोर्डवर आलीही होती. तेवढ्यात मामांना सांगून येतो म्हणून आत गेले. तिथंच घात झाला.

मामांनी शांतपणे सगळं ऐकलं. डॉलर म्हणजे काय ते विचारलं, पक्षकार कोण ते विचारलं. तो सांगत नाही म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. नाव लपवतोय म्हणजे मोठी असामी आहे, म्हणाले. मग ह्यांच्याकडं बघून म्हणाले, "पहिल्या बोलीला मान हलवली की गिऱ्हाईक समजतंय, जनावरात खोड हाय."

मी म्हणाले, मामा, हे जनावर नाही, आणि तो माणूस काही बाजारात आपल्यापुढं उभा नाही. त्याच्यापुढं अशी शंभर नावं असतील. त्यांनी ऐकलं, पण सूनबाई शिकलेली आहे, घाबरट आहे, अशा नजरेनं. बापलेकांचं एकमत झालं. उत्तर द्यायचं नाही. चार दिवस मेल तसाच पडून. मी लाडू वळत होते. जाऊ दे बाई, म्हणत होते मनाशी, पण जात कुठं होतं!

पाचव्या दिवशी दलालाचा दुसरा मेल. नाव अजून विक्रीला आहे का? झालं, मामा उठून बसले. ह्यांनी तिप्पट सांगितलं. दोन दिवसांनी उत्तर आलं की पक्षकार दहा लाखांपर्यंत येईल, त्यापुढं नाही. साडेसातचे दहा! खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मलाही वाटलं, म्हाताऱ्याला कळतंय. मी शिरा केला. मामांनी दोनदा मागून घेतला. शेजारच्या दुकानातले घड्याळवाले चाचा शिऱ्याची वाटी घेताना म्हणाले, क्या बात है भाभी, मकान ले रहे क्या. मी नुसती हसले. रात्री मी ह्यांना फ्लॅटची बाल्कनी कुठल्या बाजूला पाहिजे ते सांगत होते. हे ऐकत होते, पण मन रुमालाखाली.

सकाळी उठून ह्यांनी लिहिलं, क्षमा करा, आम्हाला विकायचं नाही. म्हणजे रुमाल झटकला, बैल सोडला, चालायला लागले. मी म्हणाले, अहो, त्यानं शेवटचं म्हटलंय. हे म्हणाले, शेवटचं असं सगळेच म्हणतात.

आता मागून हाक यायची राहिली होती. बापलेक दोघं तिची वाट बघत बसले. मामा पलंगावरून विचारायचे, आला का? हे नाही म्हणून मान हलवायचे. माझी सुट्टी संपली, मी लातूरला आले. प्रयोगशाळेत मुलांना ब्युरेट काढून देता देता फोन करायचे. बाजारात माणूस पाच पावलं चालला की हाक ऐकू येते. ह्यांचं चालणं पंधरा दिवस चाललं. शेवटी एका संध्याकाळी गुपचूप, मामांना न सांगता, ह्यांनीच मागं वळून लिहिलं की दहाला तयार आहोत.

उत्तर दोन ओळींचं. पक्षकारानं दुसरं नाव घेतलं आहे. तुमच्या वेळेबद्दल आभारी आहोत.

मी फोनवर काय काय बोलले ते लिहीत नाही. माझ्या जिभेला त्या दिवशी हाड नव्हतं. घरमालकीण खालून वर आली, काय झालं म्हणून. ह्यांनी मग घरी सगळं सांगून टाकलं. मामांना मात्र अखेरपर्यंत ते पटलं नाही. इतक्या लांबून आलेलं गिऱ्हाईक, ते जातंय कुठं, फिरून येईल, असंच म्हणायचे. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मला त्यांचा राग होता आणि त्यांच्या तेराव्याला मीच सगळ्यात जास्त रडले. कशाला रडले ते मला अजून सांगता येत नाही.

त्यानंतर तसं गिऱ्हाईक आलं नाही. कुणी कॉलेजातलं पोरगं पाच हजारात देता का म्हणून विचारायचं, कुणी दलाल आधी किमतीचं सर्टिफिकेट काढा, त्याचे पैसे भरा म्हणायचा. फुकटात किंमत सांगणाऱ्या साईट असतात. एकीवर नाव दोन लाखांचं, दुसरीवर चाळीस हजारांचं. हे सगळ्यात मोठा आकडा धरून चालायचे. मग डॉट एआय आलं, डॉट हे आलं, डॉट ते आलं, निम्मं जग पत्त्याशिवाय नुसत्या ॲपवर धंदा करायला लागलं. हे म्हणायचे, आखूड डॉट कॉमला मरण नाही. भाव दरवर्षी थोडा उतरवायचे, मला न सांगता. मी साईटवर जाऊन बघायचे. गेल्या वर्षी तो त्या पहिल्या साडेसातच्याही खाली आला. तरी चिटपाखरू फिरकलं नाही.

लेकराचा विषय आम्ही कधी बसून संपवला नाही. तो आपणहूनच संपला. एक दिवस डॉक्टरीण बाई म्हणाल्या, आता या पाळीच्या गोळ्या नकोत, रक्तदाबाच्या सुरू करू. मी एसटी स्टँडवर येऊन केळी घेतली, अर्धापूरची होती, गोड होती, आणि बाकावर बसून सगळी खाल्ली. आईनंही विचारायचं सोडलं होतं.

मग मी ह्यांना म्हणाले, आता तर फ्लॅटचीही गरज उरली नाही. माझ्या दोन खोल्या दोघांना पुरतात. कुलूप लावा आणि या. हे शटरच्या पट्ट्यांवरची धूळ पुसायला लागले. मग म्हणाले, "असं हात हलवत कसं येऊ? एवढं एक जाऊ दे, मग येतोच."

ह्या मे महिन्यात मी नांदेडला गेले होते. बाकीची नावं ह्यांनी वर्षावर्षानं सोडून दिली, फी परवडेना म्हणून. राहिलं ते एकच. त्याचीही मुदत उलटून गेली होती, वाढीव दिवस चालू होते. ह्यांचं कार्ड परदेशी पेमेंटला चालेना. मला म्हणाले, तुझं कार्ड टाक, एक वर्षाचं भर, तोवर जाईलच. तेवढ्यात झेरॉक्सला माणूस आला, हे तिकडं वळले. मी खुर्चीत बसले.

माझंही कार्ड चालत नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. दीड-दोन महिन्यांत नाव सुटलं असतं आणि कुणीतरी उचललं असतं. इतकी वर्षं मी त्या नावाला शिव्या घातल्या. नाव गेलं की हे येतील, एवढंच मला कळत होतं. आणि मग मी ते येणं डोळ्यांपुढं आणून बघितलं. लातूरच्या स्टँडवर एक पिशवी घेऊन उतरलेला माणूस. माझ्या खोलीत पलंगावर बसलेला, भिंतीकडं तोंड करून. सकाळी उठून शटर वर करायला ह्या माणसाला आता त्या नावाशिवाय दुसरं काही कारण नाही. लेकरू नाही, बाप नाही, आणि मी शनिवारची. ते येणार नाहीत हे मला तिथं खुर्चीत बसल्या बसल्या कळलं, नाव राहिलं तरी आणि गेलं तरी.

स्क्रीन विचारत होती, किती वर्षं? एकपासून दहापर्यंत. त्याच्यापुढं देतच नाहीत. मी दहावर बोट ठेवलं, मोबाईलवर आलेला आकडा टाकला आणि पैसे भरले.

हे पावती बघायला वाकले. दहाचा आकडा दोनदा वाचला. मग त्यांचं तोंड असं उजळलं की त्या दिवाळीनंतर तसं मी कधी बघितलं नव्हतं. माझ्या खांद्यावर हात ठेवला, दुकानात गिऱ्हाईक असताना.

"म्हणजे तुलाबी आता खात्री पटली तर."

"हाव," मी म्हणाले, आणि चारच्या लातूर गाडीसाठी पिशवी उचलली.