धायरीहून येणारे व्हिडिओ

वॉर्डात आमच्या मुलींच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. दोघींना हाडाचा कॅन्सर, दोघींना उजव्या गुडघ्याजवळ. माझी अकरा वर्षांची, शेजारची धायरी गावची, बारा वर्षांची. सुरुवातीच्या केमोने दोघींची सूज उतरली, दुखणं थांबलं. मग डॉक्टरांनी दोन्ही कुटुंबांना एकाच दिवशी सांगितलं, पाय मांडीपासून काढावा लागेल.

मी सही केली. धायरीच्या मुलीच्या घरी सगळं चुलता ठरवायचा, त्याने केली नाही. "दुखत न्हाई, सुजलं न्हाई, मग कापायचं कशाला?" म्हणत चार दिवसांनी त्याने पिशव्या उचलल्या. निघताना तिची आई मला म्हणाली, "ताई, तुम्ही लई घाई केली." माझी मुलगी तेव्हा ऑपरेशन थिएटरात होती.

पुढे काही आठवड्यांनी दर रविवारी त्या बाईचा व्हिडिओ येऊ लागला. पहिल्यात तिची मुलगी अंगणात टिपऱ्या खेळत होती. गुडघ्याला हाडवैद्याने दिलेला पाला बांधलेला, डोक्यावर नवे केस. तो मी किती वेळा पाहिला, ते सांगण्यासारखं नाही. मला हेवा वाटत होता. त्या पायाचा, त्या केसांचा, आणि सगळ्यात जास्त, त्या घरातल्या कुणी सही केली नव्हती याचा.

पाचव्या रविवारी मुलगी कमरेपासून वरच दिसली. सहाव्या रविवारी फक्त चेहरा, मागे उशी. पाहताक्षणी मला कळलं. मी "छान" एवढंच लिहून पाठवलं आणि आठवडाभर गप्प राहिले. हेवा थोडा उतरला होता आणि ते बरं वाटत होतं.

सातवा व्हिडिओ माझ्या मुलीने पाहिला.

"आई, ही उभी का राहत नाही?"

"बसली असेल."

"दुखायचं तेव्हा मी अशीच टेकून बसायचे. तू फोन कर."

मी केला. "परत सुजलंय का?"

पलीकडून तिची आई म्हणाली, "आता दवाखान्यात परत घेत्याल का वो, ताई? सोडून गेलो म्हणून बोलत्याल."

"बोलतील. ऐकून घ्या, पण या."

"आन् तिचा चुलता?"

माझ्या मुलीने हातातून फोन ओढला. "काकांना द्या. काका, मी काल जिना उतरले. कुबड्या घेऊन. एकटी."

सोमवारी मी रुग्णालयाच्या फाटकाशी थांबले. रिक्षातून आधी चुलता उतरला, मग ती मुलगी. चुलत्याने पुढे केलेला हात न धरता ती लंगडत चार पावलं चालली. उशीर झालाय की नाही, ते डॉक्टर सांगणार होते. मी तिचे दोन पाय पाहत होते. तेव्हाही मला हेवाच वाटला.