आठवा प्रश्न

गरोदर बायकांच्या ओपीडीत वीस वर्षं नर्स म्हणून काढली की किस्से आपोआप साचतात. नर्मदाकाठच्या आमच्या शहरात, राइट टाउनच्या घरी पाहुणे आले की मी ते रंगवून सांगायचे. आता तेच सांगताना मान खाली जाते, तरी सांगते.

आमच्या फॉर्मवर आठवा प्रश्न आला : 'जीव नकोसा वाटतो का?' पहिल्या दिवशी मी तो भर रांगेत, खणखणीत आवाजात विचारला. बाईने सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, "हमारे यहाँ ऐसा कुछ नहीं होता, लिख लो." मी लिहून घेतलं.

मग मी शहाणी झाले. आडून विचारू लागले, "आजकल क्या मन होता है?" एक म्हणाली, इमली खाने का. दुसरी म्हणाली, कच्चे आम का. प्रश्न मनाचा, उत्तरं डोहाळ्यांची! सिहोऱ्याची सविता मात्र सासूच्या मागून हळूच म्हणाली, "कुछ मन नहीं होता, दीदी." मी 'भूक कमी' लिहिलं आणि टॉनिक दिलं.

आमच्या सीनियर कुसुमताई सकाळीच सगळ्या फॉर्मवर आठव्यापुढे 'नाही'ची टिक मारून ठेवायच्या. मला म्हणाल्या, "काहून टाइम घालवून राहिली तू? हो कोण म्हणणार आहे?" एकदा तीन बायका आल्याच नाहीत, तरी त्यांचं मन ठीक असल्याची नोंद झाली. चहा पिताना आम्ही त्यावर पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवसापासून मीही सकाळीच 'नाही'ची टिक मारू लागले.

नव्या डॉक्टर मॅडमनी गठ्ठा चाळला आणि विचारलं, एकही बाई दुःखी नाही? कुसुमताई म्हणाल्या, "मॅडम, नर्मदेच्या पाण्याचा गुण!" मॅडम हसल्या, मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

सविता सातव्या महिन्यात एक दिवस अचानक आली. तपासणीचा वार नव्हता. मी विचारलं, टॉनिक संपलं का? तिने नकारार्थी मान हलवली आणि स्वतःच खोलीचं दार लोटून घेतलं. मी तिचे कागद काढले. टॉनिकनंतरच्या दोन्ही तपासण्यांत मी तिला काहीच विचारलं नव्हतं. आठव्यापुढे 'नाही' मात्र दोन्हीकडे होतं, माझ्याच पेनाचं.

ती समोर बसली.

"दीदी, वो मन वाला सवाल एक बार फिर पूछिए न. आज मैं अकेली आई हूँ."